मानाच्या साडीचा भाव

मला कोणी फसवलं तर राग येतो, आणि कोणी फसवत नसलं तरी मी तपासून बघतो. तीस वर्षं धुळ्याच्या शाळेत गणित शिकवल्याचा हा परिणाम असेल, किंवा मुळात स्वभावच तसा. हातात फोन आल्यापासून तर माझी चंगळच झाली. पंख्याच्या दुकानात जायचं, पंखा फिरवून बघायचा, पाती वाजवून बघायची आणि मग दुकानदारासमोर फोन धरायचा. हा बघा, इथे इतक्याला मिळतोय. दुकानदार तोंड वाकडं करायचा, पण भाव उतरवायचा. मिक्सर, सायकल, बायकोचा चष्मा, सगळं मी असंच घेतलं. अशा वेळी बायको दुकानाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहायची. तिला माझी लाज वाटायची आणि मला तिचा राग यायचा.

मुलीचं लग्न ठरलं ते वैशाखातलं. म्हणजे माघातच बस्ता फाडायला हवा. आमच्याकडे लग्नाच्या कापडखरेदीला बस्ता फाडणं म्हणतात. नवरीच्या शालूपासून आत्या, मावश्या, काकू, माम्या यांच्या मानाच्या साड्यांपर्यंत आणि पुरुषांच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं एका दुकानातून, एका दिवसात घ्यायचं. जीप करायची, तिच्यात घरातल्या मोठ्या बायका बसवायच्या, दुकानातल्या गादीवर सगळ्यांनी ऐसपैस बसायचं. दुकानदार चहा पाजतो, दुपारी भजी मागवतो. मानाच्या साड्या लग्नाच्या महिना-दोन महिने आधी घरोघर पोहोचवायच्या, म्हणजे बायकांना ब्लाऊज शिवून घ्यायला वेळ मिळतो.

आमच्या घराचा बस्ता माझ्या वडिलांपासून धरणगावच्या एकाच दुकानातला. दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळं गाव नाना म्हणतं. सत्तरी कधीच ओलांडलीय, पण गादीवर बसले की पाठ ताठ. या माणसाचं काम बघत बसावं असं आहे, आणि मी लहानपणापासून ते बघत आलोय. नाना साडी उलगडून दाखवत नाहीत, टाकतात. मनगटाला एक हिसका दिला की साडी गादीभर पसरते आणि पदर बरोबर समोर बसलेल्या सगळ्यात मोठ्या बाईच्या पुढ्यात जाऊन पडतो. भाव आधी सांगत नाहीत. बायकांच्या तोंडाकडेही बघत नाहीत, हातांकडे बघतात. तोंडाने बाई म्हणते रंग फिका आहे, पण हात त्याच साडीवर दुसऱ्यांदा जातो. ती साडी नाना गुपचूप मांडीजवळ ओढून घेतात. तासाभराने मांडीजवळचा ढीग पुढे सरकवतात तेव्हा बायका म्हणतात, याच तर आम्ही बघत होतो.

त्यांची आठवणशक्ती तर मला अजून उलगडलेली नाही. माझ्या लग्नाच्या बस्त्याला आईने काकूसाठी जांभळी साडी उचलली, तेव्हा नाना हळूच म्हणाले होते की मागच्या लग्नात तिला जांभळीच दिली होती. मागचं लग्न सहा वर्षांपूर्वीचं. वही नाही, काही नाही. मी गणिताचा माणूस, मला पाढ्यांपलीकडचं पाठांतर जमलं नाही, म्हणून असेल, पण त्या दिवशी मी या माणसाला मनातल्या मनात नमस्कार घातला होता.

तरीही या वेळी मी फोन घेऊन गेलो. आणि एकटाच गेलो.

अक्काला न्यायचा विचार मनात येऊन गेला होता. अक्का माझी मोठी बहीण, माझ्या मुलीची एकुलती एक आत्या. एरंडोलजवळच्या खेड्यात दिलेली. आमच्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते, तिचा हात लागल्याशिवाय दुसरं कोणी हळदीला बोट लावत नाही. पण तिला न्यायचं म्हणजे जीप, वळसा, मग दुसऱ्या नातेवाइकांनाही न्या, दिवसभराचा खोळंबा. मी म्हटलं, भाव काढायला एक माणूस पुरतो.

नानांनी चहा सांगितला आणि साड्या टाकायला सुरुवात केली. मी लेबलवर बोट ठेवून, त्यांची पाठ वळली की फोटो काढत होतो. तीन-चार फोटो झाले असतील. नाना पाठमोरेच म्हणाले, "मास्तर, तठे अंधार शे. आठे उजेडमा ये, रंग बराबर येई."

मी ओशाळलो, पण मागे हटायचा माझा स्वभाव नाही. उजेडात जाऊन राजरोस फोटो काढले आणि फोनवरचे भाव त्यांच्यासमोर धरले. वाटलं, आता हे चिडतील किंवा माल हलका असतो, रंग जातो, असलं काही सांगतील. नानांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला, एकेक साडी लक्ष देऊन पाहिली. मग शालू उचलून बाजूला ठेवला. म्हणाले, हा तोच आहे, सुरतेच्या त्याच मालाचा. "हाऊ तुले तठे सस्ता भेटी ऱ्हायना, तर तठेच ले. इतलामा माले परवडत नही." परकर, टॉवेल-टोप्या, तेही तिकडूनच घे म्हणाले. कुठला दुकानदार समोरच्या दुकानाचा रस्ता असा बोट धरून दाखवतो? मी तर पाहिला नव्हता.

मी उठलो तेव्हा मात्र ते म्हणाले, "मानन्या साड्या फोनवर लेऊ नको. मन्हाकडथीन नको लेऊ, दुसरा दुकानमाथीन ले. पण दुकानमाथीनच ले."

का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शेवटी दुकानदारच, दुकानाची बाजू घेणार, असं म्हणून मी बसमध्ये बसलो आणि पारोळा यायच्या आत मानाच्या साड्यांचा हिशोब जुळवून टाकला. बावीस बायका, बावीस साड्या, रंग वेगवेगळे, भाव एकच. एकीला जास्तीची आणि एकीला कमीची, यावरूनच लग्नात रुसवे होतात ना? मग सगळ्यांना समान. शिवाय नानांच्या भावापेक्षा एका साडीमागे दोनशे रुपये कमी. मी स्वतःवर इतका खूश होतो की शेजारच्या अनोळखी प्रवाशालाही फोन दाखवला. तो चांगली आहे म्हणाला.

चार दिवसांत शालूचं आणि साड्यांची खोकी दारात आली. साड्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो. फोटोत होत्या तशाच होत्या. बायकोने एकेक उलगडून पाहिली, घडी घातली आणि एवढंच म्हणाली, "अक्कांना पण हीच?" मी तिला समानता समजावून सांगितली. ती स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्याच दिवशी पहिली साडी घेऊन अक्काकडे गेलो, कारण पहिला मान तिचा. दाजी वावरात होते. अक्काची सून, हसरी, हुशार पोरगी, घरात होती. अक्काने साडी मांडीवर घेतली, काठावरून हात फिरवला, कुंकवाचं बोट लावलं आणि डोळ्यांना लावली. "रंग चांगला शे," म्हणाली. मी फुललो.

सून म्हणाली, "आत्याबाई, थांबा, यावर ब्लाऊज कोणता शोभेल ते बघू." सासूला ती आत्याबाई म्हणते. तिने साडीचा फोटो काढला आणि फोनला तसल्याच साड्या शोधायला लावलं. हल्ली फोटोवरून सगळंच सापडतं, हे मला माहीत होतं. मी स्वतः नानांच्या दुकानात तेच केलं होतं. पण ते माझ्यावर उलटेल हे डोक्यात आलं नव्हतं. "अय्या, हीच साडी आली की," ती आनंदाने म्हणाली, आणि वाचत सुटली. आधी खोडलेली मोठी किंमत, मग खरी किंमत, मग सवलत. त्याखाली घेणाऱ्यांनी लिहिलेलं. "पैसा वसूल." "धुतल्यावरही चांगली राहते." आणि मग त्याच ओघात, थांबायच्या आत, "घरकामाच्या बाईंना दिवाळीला द्यायला उत्तम."

तिने फोन पालथा ठेवला. बिचारीचा चेहरा उतरला. तिचा काय दोष होता?

अक्का शांतपणे म्हणाली, "कामवाली बाईनी चांगली साडी नेसानी नही का? मी कोन शे मंग? दुसरास्ना वावरमा कापूस येची येचीच मन्हं अर्धं आयुष्य गयं."

ते खरं होतं. वडील गेले त्या वर्षी मी धुळ्यात शिकत होतो, आणि माझी फी ज्या हातांनी भरली ते हात आत्ता त्या साडीच्या काठावर होते. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. तिने साडीची घडी घातली, सुनेला चहा टाकायला सांगितला. चहा कप-बशीत आला. अक्काकडे मला आयुष्यात कधी कप-बशीत चहा मिळाला नव्हता. चुलीपाशी बसून पितळीतून प्यायचो. कप-बशी पाहुण्यांची.

निघताना मी म्हटलं, "अक्का, हळदले आदल्या दिवशीच ये."

"बघसू," ती म्हणाली. "उन्हाळामा गुडघा लई दुखतस."

बहिणीचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होतं. पण याच गुडघ्यांनी ती माझ्या मुलीच्या बारशाला आमच्या गावच्या घरी भर उन्हात चार कोस चालत आली होती. आत्या हळदीला आली नाही तर पहिली हळद कोण लावणार, हा प्रश्न बसमध्ये धुळ्यापर्यंत मला सुटला नाही. घरी येऊन मुलीला काही सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. ती उठली आणि उरलेल्या साड्या पुन्हा खोक्यांत भरू लागली.

आठवडा गेला नाही तोच मी पुन्हा नानांच्या गादीवर. लाज बाजूला ठेवून सगळं सांगितलं, त्या पोरीने वाचलेल्या वाक्यासकट. आता हा माणूस मला चांगलाच खडसावेल, अशी तयारी ठेवली होती. नाना हसले नाहीत, "मी सांगितलं होतं" असंही म्हणाले नाहीत. एक मानाची साडी समोर घेतली, आतल्या घडीत टाचलेली चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीवर आकडे नव्हते, दोन-तीन अक्षरं होती, ती फक्त त्यांना वाचता येतात. मग ती चिठ्ठीही त्यांनी टाचणीसकट काढून घेतली. मानाच्या साडीवर चिठ्ठी ते राहू देत नाहीत, स्वतः तपासून काढतात. साडीचा भाव देणाऱ्याला माहीत आणि नानांना माहीत. घेणारीला फक्त साडी मिळते. इतक्या वर्षांत किती घरांचे भाव या माणसाच्या पोटात असतील, आणि एकही बाहेर आलेला नाही. मी माझ्या बहिणीला साडी दिली ती भावासकट, आणि तो भाव गावातल्या कोणत्याही फोनवर बघता येत होता.

मी म्हटलं, "नाना, मग अक्कासाठी दुकानातली सगळ्यात भारी साडी काढा. तीच देऊन येतो."

"आते तिले महागनी देशी तर आखो तेच करशी," नाना म्हणाले. साडीच्या भावाने झालेली चूक मी पुन्हा भावानेच भरून काढायला निघालोय, असं त्यांचं म्हणणं. थोडा वेळ ते हातातल्या साडीची घडी सारखी करत बसले. मग विचारलं, "बस्ताले बहीणले बसाडं का तू?"

मी गादीवरचा एक सुटा दोरा उपटत बसलो. तेवढ्यावरच त्यांना समजलं. म्हणाले, बस्ता म्हणजे कापड नाही. अक्काच्या लग्नाच्या बस्त्याला आमची आत्या बसली होती, माझ्या लग्नाच्या वेळी अक्का बसली होती, दोन दिवस आधी माहेरी येऊन. मी तेव्हा तिथेच होतो, पण मला फक्त नानांची आठवणशक्ती आठवत होती. बहीण कुठे बसली होती ते मी विसरलो होतो.

उरलेल्या एकवीस साड्या परत पाठवल्या. इथे मी फोनवाल्यांनाही त्यांचं श्रेय देणार. एक शब्द न विचारता माणूस आला, खोकी घेऊन गेला, दोन दिवसांत पैसे परत. नानांना सांगितलं तर म्हणाले, असं परत घेणं मला झेपलं नसतं. शालू मात्र तिकडचाच ठेवला. मुलीला आवडला होता, आणि नानांनी तो स्वतः फोनवर पारखला होता.

मग जीप केली. बायको, मुलगी आणि मी एरंडोलकडून वळून अक्काच्या दारात उभे राहिलो. मी म्हटलं, "अक्का, बस्ताले चाल. तू नही ऊनी तर आम्हना काही बस्ता व्हत नही." अक्काने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "माले राग साडीना नही ऊना, भाऊ. तू माले बलायं नही, त्याना ऊना." एवढं बोलून आत गेली आणि लुगडं बदलून आली.

नानांच्या दुकानात मधली जागा तिला मिळाली. पदर तिच्या पुढ्यात पडू लागले. आणि मग मी जे पाहिलं ते मला कुणीतरी शाळेत शिकवायला हवं होतं, पण ते कुठल्याच पुस्तकात नाही. अक्काने एकेक बाई डोळ्यांसमोर आणली. ही सावळी आहे, हिला पिवळा नको. हिच्या घरी यंदा दुःख झालंय, हिला शांत रंग द्या. मोठ्या मावशीला वजनाची साडी पेलत नाही. ही लांबची काकू, हिला साधी चालेल, पण काठ मोठा हवा, कारण ती लोकांना दाखवते. माझी समानता तिने तासाभरात मोडून टाकली, आणि कोणी रुसेल अशी एकही साडी त्या ढिगात नव्हती. नाना आणि ती, दोघं जणू एकाच शाळेतली हुशार मुलं, मी मागच्या बाकावर.

मग तिने भावाला हात घातला. "नाना, इतला भाव? सोनाना तार शेतस का हाईमा?" नानांनी कापसाचा भाव विचारला. तिने कापसाचा सांगितला आणि साडीचा अर्धा करून मागितला. नानांनी वडिलांच्या काळाच्या गोष्टी काढल्या. तिने त्या ऐकल्या, दोन स्वतःच्या सांगितल्या, आणि पुन्हा त्याच अर्ध्या भावावर येऊन अडून बसली. दोन चहा झाले. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "पप्पा, आत्या भारी आहे." शेवटी सगळ्या साड्यांचा मिळून जो भाव ठरला तो मी घरी येऊन मोजला. माझ्या फोनवरच्या भावापेक्षाही कमी होता.

साड्या बांधत असताना मी नानांना हळूच विचारलं, "माझ्यासाठी एक रुपया उतरला नव्हता. फोन दाखवला तरी."

"तू भाव दाखाडा, मास्तर," ते म्हणाले. "बहीणनी भाव करा."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटत होता, जणू सौदा मीच जिंकला होता.

राहिली अक्काची साडी. मी म्हटलं, आता तुझी घे, तुला आवडेल ती, भाव बघू नको. नानांनीही एक मोरपंखी तिच्या पुढ्यात टाकली. तिने हात लावला नाही. "माले दी टाकी ना तू एक," म्हणाली, "मी तिले फॉल बी लाया." मी परत आग्रह केला. ती नाही म्हणाली ती म्हणालीच. मुलीने मोरपंखी उचलून आत्याच्या मांडीवर ठेवली, तर अक्काने ती माझ्या बायकोच्या मांडीवर सरकवली, आणि विषय संपवला.

मग मला विचारायचं होतं ते विचारता येईना. हळदीला येशील ना, एवढंच. पायऱ्यांपाशी तिला चप्पल पुढे करताना कसंबसं तोंड उघडलं, "अक्का, हळदले..."

ती चप्पल घालत होती. मान वर न करता म्हणाली, "हळद मी घरनी लई येसू. ती तेवढी फोनवर मांगाडू नको."

मी मान हलवली. बोलायला गेलो असतो तर रडलो असतो, आणि नानांच्या गादीवर दुसऱ्या गावची माणसं बस्त्याला येऊन बसली होती.